थंडीतलं बिल, मीटरवरचा लाल दिवा आणि सुतळीने बांधलेली वही

थंडी आली की घरखर्चाचं गणित कोलमडतं, आणि दरवर्षी आपण चेहरा असा करतो की जणू हे पहिल्यांदाच घडतंय. मी पण कित्येक वर्षं हेच करायचो, बिल हातात पडलं की दोन दिवस घरात आरडाओरडा, दिवे बंद करा, चार्जर काढा, टीव्ही कोण बघतंय, आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग एका थंडीत म्हटलं की ओरडून झालं, आता बघू तरी पैसे नक्की जातात कुठं. बघितल्यावर कळलं ते एवढंच, की थंडीत जो जास्तीचा खर्च होतो तो जवळजवळ सगळा उष्णतेचा असतो. पाणी तापवणं, खोली तापवणं, कपडे वाळवणं, आणि थोडाफार स्वयंपाक. बाकीची काटकसर करायची तर जरूर करा पण ती चिल्लर आहे, नोटा इथं जातात.

म्हणून पहिलं काम म्हणजे मीटर वाचायला लागा. एक जुनी वही आणि पेन मीटरजवळ सुतळीने बांधून टाका (मोबाईलमध्ये लिहू म्हणाल तर चौथ्या दिवशी विसराल, आम्ही विसरलो), आणि आठवडाभर रोज झोपताना आणि सकाळी उठल्या उठल्या आकडा लिहा. रात्री कोणी काही वापरत नसतं तरी किती युनिट गेले ते कळतं, आणि तो आकडा बघून बऱ्याच जणांची झोप उडते. शिवाय हल्लीच्या मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी अगदी बारीक अक्षरात ३२०० किंवा १६०० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट संपलं. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. समजा ३२०० वाला मीटर आहे आणि दिवा मिनिटाला १० वेळा लुकलुकला, तर तासाला झाले ६००, म्हणजे या क्षणाला घरात साधारण १९० वॅट चालू आहेत. फ्रिज, राउटर, एखादा दिवा धरून ठीक आहे.

आमच्याकडे एका रात्री सगळे झोपलेले, मी पाणी प्यायला उठलो आणि सहज बॅटरी मारून मीटर बघितला तर दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकत होता. मोजलं, मिनिटाला शंभरच्या वर. म्हणजे कुठंतरी दोन हजार वॅट चालू होते आणि घर तर चिडीचूप. खोल्या पालथ्या घातल्या, काही सापडेना, शेवटी बाथरूमबाहेरचं गिझरचं बटण दिसलं. बरं, गिझर पाणी तापलं की आपोआप बंद व्हायला हवा, तो होतही होता, पण गरम पाण्याचा नळ बारीक गळत होता, त्यामुळे टाकीत सतत गार पाणी येणार आणि गिझर परत चालू होणार, रात्रभर हाच खेळ. नळाखाली बादली ठेवली तर सकाळी पाव बादली भरलेली. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागली. तो वायसर किती महिने खराब होता देव जाणे, आई म्हणाली अरे मी तुला दोनदा सांगितलेलं की नळ गळतोय, तू ऐकतोस कुठं.

आता थोडं गणित, कंटाळा करू नका कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बास, एवढंच. २००० वॅटचा हीटर संध्याकाळी पाच तास चालला की १० युनिट, महिन्याला ३००. आणि भिंतीला नुसता खोचून ठेवलेला मोबाईलचा चार्जर? तो जास्तीत जास्त अर्धा वॅट खातो, म्हणजे अख्खं वर्ष तसाच राहिला तरी चार-साडेचार युनिट, आणि तेवढं तो हीटर दोन-सव्वादोन तासांत संपवतो. म्हणून ज्या घरात चार्जरवरून भांडणं होतात आणि रिकाम्या खोलीत हीटर चालू असतो, तिथं मला हसू येतं. आमचंच घर होतं ते.

दुसरं काम पैशाचं. थंडी काही अचानक टपकत नाही, वर्षभर आधीपासून माहीत असते, तरी तिचा खर्च आपण "अचानक आलेला खर्च" म्हणून दाखवतो. गेल्या वर्षीची सगळी बिलं काढा. समजा इतर महिन्यांत सरासरी बिल १०० येतं आणि थंडीच्या चार महिन्यांत १९० येतं (आकडे नुसते समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला). म्हणजे महिन्याला ९० जास्तीचे, चार महिन्यांचे ३६०. याला १२ ने भागलं की ३०. पगार झाला की दर महिन्याला हे ३० बाजूला, वेगळ्या खात्यात नाहीतर चक्क पाकिटात, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात "थंडी" असं लिहून ठेवा. यात गरम कपडे, एखादं पांघरूण, सर्दी-खोकल्याची औषधं, हे पण धरा, कारण तोही खर्च दरवर्षी येतो म्हणजे येतोच. पहिल्या वर्षी हे जमत नाही कारण थंडी डोक्यावर येऊन बसलेली असते, तेव्हा पहिल्या वर्षी ओढाताण होणार हे धरून चाला, दुसऱ्या वर्षी मात्र बिल आलं की पाकीट उघडायचं आणि मोकळं व्हायचं.

आता मुख्य मुद्दा, गरम पाणी. पाणी तापवायला किती ऊर्जा लागते हे नशिबाने अगदी ठरलेलं आहे, एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला एक किलोकॅलरी, आणि एका युनिटात साधारण ८६० किलोकॅलरी. २० लिटरची बादली, पाणी १५ डिग्रीचं आहे आणि आपल्याला ४० चं हवंय, म्हणजे २० गुणिले २५, पाचशे किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम ०.६ युनिट. आणि शॉवर? साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सोडतो, दहा मिनिटं उभं राहिलं की ९० लिटरच्या आसपास, म्हणजे अडीच युनिटच्या वर. एकाच माणसाच्या एकाच आंघोळीत दोन युनिटचा फरक, घरात चार माणसं असतील तर दिवसाला आठ. शॉवर सोडून द्या असं म्हणत नाही, थंडीत गरम शॉवरखाली उभं राहण्याचं सुख मलाही कळतं, पण साबण लावताना बंद करा, आणि शॉवरची जाळी कमी पाण्याची बसवून घ्या, एकदाच खर्च आहे आणि फरक कायमचा.

अजून एक गोष्ट जी कोणी बघतच नाही. गिझर आणि नळ यांच्यामधला पाइप. नळ सोडला की आधी त्या पाइपात पडून राहिलेलं गार पाणी येतं, आपण ते सरळ मोरीत जाऊ देतो, आणि आंघोळ झाली की पाइपात तेवढंच गरम पाणी अडकून राहतं आणि गार होतं. म्हणजे दर वेळी तेवढं पाणी तापवायचे पैसे गेले. यावर उपाय साधा आहे, सगळ्यांनी एकापाठोपाठ आंघोळी उरका. एकजण सहाला, दुसरा आठला, तिसरा अकराला असं असेल तर पाइप तीनदा गार होतो आणि टाकीतलं पाणीही मधल्या वेळात निवत राहतं. आणि पहिलं गार पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला, झाडांना, कशालाही चालतं.

गिझर दिवसभर चालू ठेवलेला परवडतो, परत परत तापवायला म्हणे जास्त वीज लागते, हे मी स्वतः लोकांना छातीठोकपणे सांगायचो. चूक आहे. टाकी जितका वेळ गरम राहते तितका वेळ तिच्यातून उष्णता बाहेर जात राहते, तेव्हा लागेल तेव्हाच चालू करा, वापराच्या थोडं आधी. तापमानाचा काटा कमी करताना मात्र जरा विचार करा. तापवलं आणि लगेच वापरून संपवलं असं असेल तर ४५-५० डिग्री पुरतं, कारण नाहीतरी आपण त्यात गार पाणी मिसळतोच. पण मोठी टाकी असेल आणि त्यात कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहत असेल तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि ते फुप्फुसाला त्रास देतात, म्हणून साठवणीच्या टाकीला ६० डिग्रीच सांगतात. तिथं काटकसर नको. पाणी जड असेल तर हीटिंग कॉइलवर क्षाराचा पांढरा थर बसतो, तो दोन-एक वर्षांतून साफ करून घ्या. आणि बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल तर आधी बटण बंद, प्लग काढा, मगच पाण्यात हात. इथं घाई केलेली माणसं परत सांगायला येत नाहीत.

आता खोली. खोली तापवण्याच्या आधी खोलीला भोकं किती आहेत ते बघा. वाऱ्याच्या दिवशी एक उदबत्ती लावा आणि दाराच्या, खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा, धूर सरळ वर जात असेल तर ठीक, जिथं धूर आडवा पळतो किंवा थरथरतो तिथं फट आहे, तिथं पेन्सिलने खूण करा. आमच्या एका खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात धूर असा झपकन आत वळला की मुलगी म्हणाली बाबा इथून कोणीतरी फुंकतंय. खिडकीला फोमची चिकटपट्टी लावली, दाराखाली जुन्या पँटच्या पायात चिंध्या भरून दोन्ही टोकं शिवून त्याची वळकटी टाकली, दिसायला वाईट दिसते पण संध्याकाळी पायाला जो गारठा लागायचा तो गेला. दिवसा ऊन येत असेल तेव्हा पडदे उघडे, ऊन कललं की लगेच बंद, काच हीच घरातली सगळ्यात गार जागा असते. जमलं तर जाड पडदा, नाहीतर पातळ पडद्यामागे जुनी चादर. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या खोलीत गॅस, लाकूड, कोळसा असं काही जळतं तिथली हवा यायची जागा बुजवू नका. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत झोपताना ठेवणं तर अजिबातच नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो.

हीटर घेताना दुकानदार सांगेल की हा तेलाचा आहे, हा सिरॅमिक आहे, हा कमी विजेत जास्त गरम करतो. विजेच्या कॉइलवर चालणारा कुठलाही हीटर असो, एका युनिटाची एक युनिटच उष्णता देतो, १००० वॅट म्हणजे १००० वॅट. फरक एवढाच की कोणी हवा लवकर गरम करतो, कोणी सरळ अंगावर उष्णता टाकतो, कोणी बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो. दोन-तीन पट उष्णता मिळते ती फक्त हीट पंपाला, म्हणजे उलटा चालणारा एसी, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून आत ओढून आणतो. तुमच्या एसीला गरम करायची सोय असेल तर हीटरआधी तो वापरून बघा, आणि आधी-नंतरचं मीटर वहीत लिहा.

तापमान किती ठेवायचं? घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर चालते. बाहेर ८ आणि आत २० असेल तर फरक १२, आत १८ केलं तर फरक १०, म्हणजे दोन डिग्री उतरवल्या की तापवण्याचा खर्च सहाव्या हिश्शाने कमी. काटा ३० वर नेल्याने खोली लवकर गरम होत नाही, नुसती गरज नसताना जास्त गरम होते. पण १८ च्या खाली आणू नका, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशातल्या घरांसाठी किमान १८ डिग्री सांगितलंय, आणि घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा दम्याचा पेशंट असेल तर त्याहून थोडं जास्तच. आई माझ्या काटकसरीपायी एकदा दोन दिवस शाल गुंडाळून गप्प बसून राहिली, काही बोलली नाही, हात धरला तेव्हा कळलं किती गार पडलेत. तेव्हापासून तिच्या खोलीचा हीटर हिशोबात धरत नाही.

बाकीच्यांसाठी मात्र नियम असा की खोली नाही, अंग गरम ठेवायचं. एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला, कारण ऊब कपड्यात नसते, दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. आतला कपडा घामाने ओला झाला असेल तर आधी तो बदला, ओल्या बनियनवर चार स्वेटर घातले तरी कुडकुडणारच. पायात मोजे आणि गार फरशीवर चटई, नुसत्या एवढ्याने हीटर अर्धा तास उशिरा लागतो. आणि झोपताना सगळे अंगावर पांघरुणांचे थर चढवतात पण खाली काय आहे ते बघत नाहीत. गादी पातळ असेल तर निम्मा गारठा खालून येतो, अंगाच्या भाराने गादी दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली घाला, एक वर, आणि फरक बघा.

गरम पाण्याची रबरी पिशवी हा माझा सगळ्यात आवडता सौदा. दोन लिटर पाणी तापवायला ०.२ युनिटच्या आसपास लागतं आणि अंथरूण तासभर आधी ऊबदार होतं. पाणी उकळतं घालायचं नाही, जरा निवू द्यायचं, पिशवी दोन तृतीयांश भरायची, आतली हवा दाबून काढायची मग बूच लावायचं. आता एक गंमत सांगतो, बऱ्याच पिशव्यांच्या तोंडापाशी एक छोटं फूल छापलेलं असतं, लोकांना वाटतं नक्षी आहे. मधला आकडा म्हणजे बनवलेलं वर्ष आणि बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने. दोन-तीन वर्षांच्या वर झाली असेल, किंवा रबराला बारीक भेगा दिसत असतील, तर टाकून द्या, झोपेत फुटली तर भाजण्याचा दवाखान्याचा खर्च कुठल्याच पाकिटात बसत नाही. विजेचं ब्लँकेटही वाईट नाही, शंभर वॅटच्या आसपास असतं, रात्रभर चाललं तरी ०.८ युनिट, तोच २००० वॅटचा हीटर आठ तास सलग चालला तर १६.

कपडे वाळवणं. इथं लोक दोन टोकं गाठतात, एक तर ड्रायर नाहीतर घरभर दोऱ्या. ड्रायर वीज खातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण घरात वाळत घातलेले कपडेही फुकट वाळत नाहीत, मशीनमधून निघालेल्या एका फेरीच्या कपड्यांत सहज दोन लिटर पाणी असतं, ते हवेत जायला उष्णता लागते, सव्वा-दीड युनिट इतकी, ती तुमच्या तापवलेल्या खोलीतूनच घेतली जाते. आणि ते पाणी जातं कुठं? गार भिंतीवर, काचेवर, कपाटामागे. तिथं बुरशी धरते, काळे ठिपके येतात, मग रंगकाम, मग खोकला. त्यामुळे सगळ्यात स्वस्त वाळवणी म्हणजे बाहेर, थंडीत ऊन कोवळं असलं तरी कोरडा वारा कपडे वाळवतो, वेळ लागतो इतकंच. घरातच घालायचे असतील तर मशीनला एक जादा स्पिन द्या, मोटर फिरवून पाणी काढणं हे उष्णतेने पाणी उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मग एकच खोली ठरवा, दार लावून घ्या, खिडकी थोडी उघडी, कपड्यांत हातभर अंतर, जमलं तर समोर पंखा, पंखा ५०-७० वॅटचाच असतो. सकाळी काचेवर पाणी धरलेलं दिसलं तर ते फडक्याने पुसून फडकं बाहेर पिळा, आणि दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. एवढ्या वेळात हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी मात्र नुसती उष्णता घालवते. धुवायला गार पाणी वापरा, गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवायलाच जाते. आजारी माणसाचे कपडे, लहान बाळाचे लंगोट, हे अपवाद.

स्वयंपाकघरात फार सांगण्यासारखं नाही कारण तिथं बायको माझ्यापेक्षा हुशार आहे, पण झाकण, झाकण आणि झाकण. कपभर चहासाठी दीड लिटरची किटली भरून उकळू नका, सातपट वीज जाते. कडधान्यं रात्री भिजवा आणि कुकरमध्ये शिजवा, कुकरच्या आत पाणी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं म्हणून वेळ निम्म्याहून कमी लागतो. एक जुनी युक्ती आम्ही सध्या करतोय, पातेलं चांगलं उकळलं की झाकणासकट दोन-तीन जाड पांघरुणांत गुंडाळून खोक्यात ठेवायचं, बिनागॅसचं आत तासन्‌तास शिजत राहतं. दुसऱ्या महायुद्धात इंधन तुटपुंजं होतं तेव्हा ब्रिटनमध्ये लोक गवत भरलेल्या पेटीत असंच शिजवायचे. पहिल्या वेळी आम्ही अर्धं पातेलं भरलं होतं, ते कोमट पडून कच्चंच राहिलं, भांडं गच्च भरलेलं असलं तरच ऊब टिकते. राजमा असेल तर मात्र आधी दहा मिनिटं खळखळून उकळाच, त्यातला त्रासदायक घटक मंद आचेने जात नाही, उलट्या होतात. आणि खाताना ते वाफाळतं असायला हवं, कोमट झालं असेल तर परत उकळून घ्या.

किरकोळ गोष्टी भराभर. दिवे लवकर लागतात म्हणून ६० वॅटचे जुने बल्ब उरले असतील तर ९ वॅटचे एलईडी लावा. फ्रिज ३-४ डिग्रीवर ठेवा, मागे हवा खेळती हवी. गाडी असेल तर टायरमधली हवा बघा, तापमान ५-६ डिग्री उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतं आणि मऊ टायर जास्त पेट्रोल पितं. इंजिन तापवायला दहा मिनिटं उभी गाडी चालू ठेवायची गरज नाही, हळू चालवत निघा. जिथं पाणी गोठतं तिथं उघड्यावरच्या पाइपांना गुंडाळा, पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, आणि मग सगळी वर्षाची काटकसर प्लंबरला.

थंडीत एक चोरखर्च असतो, तो म्हणजे बाहेर पडायचा कंटाळा. संध्याकाळी सहाला अंधार, अंथरुणात पडून मोबाईलवर खायचं मागवायचं, काहीतरी खरेदी करत बसायचं. यावर मला एकच उपाय सापडलाय, दोन वेळचं जेवण जास्तीचं करून फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत, डब्यावर तारीख लिहून, आणि खरेदीच्या अॅपमधून कार्डाचा नंबर काढून टाकलाय. नंबर टाकायला उठून पाकीट आणावं लागतं, आणि गरम अंथरुणातून उठवत नाही, त्यामुळे निम्म्या वस्तू तशाच राहतात. सगळ्यांनी एकाच खोलीत बसा, एकच हीटर लागतो, मुलं कुरकुर करतात पण चार दिवसांनी पत्त्यांचा डाव रंगतो.

आणि थंडी उतरायला लागली की लगेच सगळं आवरू नका, हे पंधरा दिवस सगळ्यात महत्त्वाचे. गरम कपडे, ब्लँकेटं आत्ताच घ्या कारण दुकानदाराला जागा रिकामी करायची असते, मुलांसाठी एक माप मोठं घ्या. लोकरीचे कपडे मळके तसेच घडी घालून ठेवले तर पुढच्या वर्षी चाळण होऊन निघतात. लोकरीला कसर लावणारा उडणारा किडा स्वतः काही खात नाही, खातात त्याच्या अळ्या, आणि त्यांना घाम आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर फार आवडते. म्हणून धुवायचं, अगदी खडखडीत वाळवायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत भरायचं. मी वर एक चिठ्ठी टाकतो, कोणाचं काय आहे, कोणाला काय आखूड झालंय, कुठला स्वेटर अजून एक थंडी काढेल. आत्ताच्या चिठ्ठीवर मुलीच्या अक्षरात लिहिलंय, बाबांचा निळा फेकून द्या. फेकणार नाही, कोपरं शिवलीत.